पहिला पीस

कानबाई देवी भोसरीत बसायची. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार जवळ आला की खान्देशातून येऊन पिंपरी-चिंचवडला स्थिरावलेली घरं हलायला लागायची. आधी रोटाचं दळण, मग नथ घातलेल्या नारळाची कानबाई चौरंगावर, आणि सोमवारी मोशीला इंद्रायणीत विसर्जन. ही गोष्ट खान्देशातल्याच एका तालुक्याच्या मंडळाची. ते काढलं सत्तरच्या दशकात टेल्कोत, बजाजमध्ये लागलेल्या पोरांनी. एका खोलीत सहा जण आणि अंथरुणं तीन, कारण तिघं कायम शिफ्टला. गावाकडून कुणी गेल्याची तार आली की एसटीच्या भाड्यासाठी वर्गणी निघायची. त्या वर्गणीची वही, तेच मंडळ. गाव सोडलेल्या माणसाला असं काहीतरी लागतंच. लंडनला मराठी माणसांनी 1932 साली महाराष्ट्र मंडळ काढलं, तेव्हा त्यांचीही भूक हीच असणार.

पुढे वहीचं रजिस्टर झालं, 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदली गेली, 1950 च्या कायद्याखाली न्यास झाला. सुरुवातीची पोरं निवृत्त झाली. नवी पोरं आता चाकणला उतरत होती. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंग्यात खोल्या, काम कंत्राटावर, आज या कंपनीत तर सहा महिन्यांनी दुसऱ्या. त्यांच्यातलेच अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार झाले. जुन्यांनी पदं आपणहून सोडली, हे मला फार मोठं वाटतं. सुटत नाहीत पदं अशी. त्या पाच जणांचं मग सल्लागार मंडळ केलं.

विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, परिशिष्टावर नाव चढतं. सल्लागाराचं तसं काही नसतं. त्याला ना सही, ना मत. या पाचांची नावं चढली ती फ्लेक्सवर. दोन वर्षं त्यांना शाल आणि नारळ मिळत राहिला. विचारलं कुणी काही नाही.

तशात मंडळाच्या भवनाची जागा ठरली. चाकणच्या पुढे पाच गुंठे, भाव परवडणारा. चिटणीसानं दोन लाख इसार दिला, नोटरी केली, आणि सल्लागारांना भूमिपूजनाचं आमंत्रण धाडलं.

सल्लागारांतले नाना तिथे गेले. नाना टेल्कोतून इन्स्पेक्शनला असतानाच निवृत्त झालेले. पूजा चालू असताना त्यांनी शेजाऱ्याच्या हातातली फाइल मागून घेतली, चष्मा पुसला आणि सातबारा वाचायला घेतला. अकरा नावं. जमीन विकणारा त्यातला एक. बहिणींची नावं तशीच होती, हक्कसोड कुठेच नव्हती. जमीन शेतीची, बिनशेती झालेली नाही. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे पाच गुंठ्यांचं खरेदीखत व्हायचं नाही, म्हणून तर नोटरी. आणि संस्था काही शेतकरी नसते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन तिच्या नावावर लागायची कशी? नानांनी फाइल मिटली. हवनाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून त्यांनी डोळे पुसले, असं सगळ्यांना वाटलं.

दोन लाख परत आले नाहीत. पाचशे-पाचशेच्या पावत्यांनी जमलेले पैसे होते ते.

त्या आठवड्यात पाचही सल्लागार इंद्रायणीनगरला नानांच्या घरी जमले. आप्पा सगळ्यांत जास्त तापलेले. त्यांचं स्वतःचं घर देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या रेड झोनमध्ये अडकलेलं. दोन हजार यार्डांची ती हद्द कुठून कुठवर जाते, हे घर बांधून झाल्यावर त्यांना कळलं होतं. जागेच्या कागदांनी हात पोळलेला तालुक्यात त्यांच्याइतका दुसरा कुणी नसेल, आणि नेमकं त्यांनाच कुणी विचारलं नव्हतं.

"बैल गेला नि झोपा केला," आप्पा म्हणाले. "आता एकच करायचं. चेकवर आपली एक सही ठेवायची. आपल्या सहीशिवाय रुपया हलता कामा नये."

बाकीच्यांनी माना हलवल्या. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आप्पा, तीस वर्षांत मी प्रेसच्या पॅडलवर एकदाही पाय ठेवला नाही."

कारखान्यात न गेलेल्यांसाठी सांगायला हवं. लॉट पाच हजारांचा असो की पन्नासचा, सेटरनं डाय बसवली की जो पहिला पीस निघतो तो घेऊन ऑपरेटर इन्स्पेक्शनच्या टेबलाशी येतो. नाना त्याला व्हर्नियर लावायचे, ड्रॉइंगवरची मापं ताडायचे, कडेवरून अंगठा फिरवून बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, उरली आहे का बघायचे. ठीक असला तर टॅग बांधून परत द्यायचे. लॉट संपेपर्यंत तो पीस मशीनजवळच राहायचा. ठीक नसला तर काय चुकलं ते लिहून द्यायचे. डाय मात्र सेटरच सुधारायचा. नानांनी कधी पाना हातात घेतला नाही. आणि पास केल्यावर मशीनशेजारी ते उभेही राहायचे नाहीत.

"सही मागितली तर आपण मशीनवर बसलो," नाना म्हणाले. "मग आपल्याला तपासणार कोण? पोरांनी चूक केली ती लॉट काढून झाल्यावर पीस दाखवला ही. आपली चूक, दोन वर्षं आपण शाल घेतली आणि पीस मागितला नाही."

आप्पांना ते पटलं नाही. ते चहा न घेता गेले.

पण रविवारी नाना एक जाड वही घेऊन कार्यकारिणीच्या बैठकीला गेले आणि त्यांनी मांडलं: पंचवीस हजारांवरचा खर्च, जागा, कर्ज, असं काही असेल तर इसाराच्या आधी कागद सल्लागारांकडे यावा. त्यांनी आठ दिवसांत आपलं मत या वहीत लिहावं, नुसतं तोंडी नको. कार्यकारिणीला ते मानायचं बंधन नाही, पण मानलं नाही तर का नाही, हे त्याच पानावर खाली लिहायचं. आणि एकदा ठरलं की सल्लागारांनी बाहेर कुठे त्याबद्दल अक्षर बोलायचं नाही. चिटणीस मान खाली घालून ऐकत होता. तो म्हणाला, "नाना, तुम्ही रागावला असता तर बरं वाटलं असतं."

"कागद आण. राग नंतर बघू," नाना म्हणाले.

वहीत पहिलं मोठं पान लिहिलं गेलं ते जागेचं नाही, कानबाईचं. पोरांचं म्हणणं, यंदा कानबाई चाकणला बसवू. त्यासाठी हॉल आधीच घ्यावा लागणार, त्याचा खर्च पंचवीस हजारांवर. नानांनी चार ओळी लिहिल्या: देवीची जागा भोसरीची. आयाबायांना नाशिक रस्त्याच्या त्या गर्दीतून रात्री चाकणला नेणं बरं नाही. चाकणला माणसं येणार नाहीत. खाली सही. आप्पांचीही सही होती. ते परत आले होते.

चार दिवसांनी कार्यकारिणीनं त्याखाली लिहिलं: आपली दोनशेच्या वर पोरं चाकणला खोल्यांवर राहतात. रविवारीही शिफ्ट असते. भोसरीला येऊन-जाऊन सुट्टी टाकावी लागते, कंत्राटी कामगाराला सुट्टी म्हणजे बिनपगारी. म्हणून चाकण. भोसरीहून दोन बस करू.

नाना ते पान दोनदा वाचून गप्प राहिले. घरातही काही बोलले नाहीत. शनिवारी ते पहिल्या बसनं गेले, रात्री गंगाफळं चिरायला बसले.

सोमवारी सकाळी मोशीच्या घाटावर गाणी म्हणत मंडळी उतरली. चौरंग उचलायला माणूस कमी पडत होता. तेवढ्यात तिसऱ्या पाळीतून सुटलेलं एक पोरगं बाइकवरून तसंच आलं, अंगात कंपनीचा शर्ट, बाह्यांवर तेलाचे डाग, हातात जेवणाचा डबा. त्यानं इकडेतिकडे बघितलं.

"आण तो डबा इकडं," नाना म्हणाले. "हेल्मेटपण दे. सेफ्टी शूज काढ, पाण्यात जडावतील."

पोरगं चौरंगाला खांदा देऊन कानबाई घेऊन पाण्यात शिरलं. नाना काठावर उभे राहिले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट, आणि पायाशी ते बूट.