श्वानाचा शाकाहार

श्रीदत्तात्रेय मध्याह्नीच्या भिक्षेसाठी करवीरात येतात, ही श्रद्धा कोल्हापूरच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, झोळी घेऊन दारी उभ्या राहणाऱ्या त्या अतिथीबरोबर त्याचे चार श्वानही आपल्या उंबऱ्याशी येतात, याचे येथील भाविकास यत्किंचितही नवल वाटत नाही. शिवाजी पेठेच्या गल्ल्यांतून उरलेली भाकरी दारच्या कुत्र्यास घालणे हा तर नित्याचाच परिपाठ. परंतु तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी ख्यातकीर्त असलेल्या याच नगरीत जैन, लिंगायत आणि माळकरी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. आणि अशा एखाद्या निरामिष घरात कुत्र्याचे पिल्लू येते, तेव्हा त्याच्या ताटलीत काय पडावे, या प्रश्नात घराच्या धर्माइतकाच त्या मुक्या जिवाचा देहही गुंतलेला असतो.

कुत्रा मांसावाचून जगूच शकत नाही, हे मत शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले की, पिष्ट पचविणाऱ्या अमायलेजच्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. म्हणजे मनुष्याच्या धान्याच्या आश्रयाने राहता राहता या प्राण्याची प्रकृतीच पालटली. मांजराची गोष्ट निराळी. टॉरिन आणि अ जीवनसत्त्व त्याला अन्नातून तयार स्वरूपातच मिळावे लागते. म्हणून कुत्र्याचे पाहून मांजरास शाकाहारी करू पाहणे हा घातच होय.

तथापि ‘आमच्या वस्तीवरचा कुत्रा जन्मभर भाकरी-ताकावर जगला’ ही साक्ष मी पुरेशी मानीत नाही. तो कुत्रा मोकळा होता; उंदीर-घुशी, उकिरड्यावरची हाडे, मेलेल्या जनावराचे मांस, यांतून आपल्या आहारातील उणीव तो धन्याच्या नकळत भरून काढीत असे. पेठेतील एखाद्या सदनिकेत वाढणाऱ्या कुत्र्यास ती मुभा नाही. ताटलीत जे पडेल तेच आणि तेवढेच त्याचे अन्न, आणि त्या ताटलीची संपूर्ण मुखत्यारी मालकाकडे. त्यामुळे मागच्या पिढीला जो हिशेब ठेवावा लागला नाही, तो आज बारकाईने ठेवावा लागतो.

हा हिशेब सोपा नाही. कुत्र्यास दहा ॲमिनो आम्ले अन्नातूनच मिळावी लागतात; त्यांपैकी लायसिन धान्यात उणे आणि मेथिओनिन डाळींत उणे, म्हणून दोहोंची योग्य सांगड घालावी लागते. धान्य-डाळींत फॉस्फरस मुबलक पण कॅल्शियम अत्यल्प, आणि कॅल्शियम निदान फॉस्फरसाइतके तरी न मिळाल्यास शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घेते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत नसते; ड जीवनसत्त्व उन्हात बसून कुत्र्याच्या कातडीत पुरेसे तयार होत नाही. दूध-दही चालणाऱ्या घरात यांतील काही उणीव भरून निघेल. ज्यांनी दुग्धजन्यही सोडले, त्यांना मात्र पशुवैद्याने ठरवून दिलेल्या पूरक द्रव्यांवाचून गत्यंतर नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली वाटाणा-मसूर अधिक असलेल्या श्वानखाद्याचा हृदयस्नायूच्या विकाराशी काही संबंध आहे काय, याची चौकशी आरंभिली. कार्यकारणभाव ठरविण्याइतका पुरावा हाती आला नाही, तरी केवळ डाळीवर भिस्त ठेवणाऱ्याने ती चौकशी विसरू नये.

आणि कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीचा विचार प्रथम केला पाहिजे. रश्श्यात कुस्करलेली भाकरी असो की मटकीची उसळ, कांदा-लसणातील द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नासवितात. ते दोन्ही वर्ज्य मानणाऱ्या जैन स्वयंपाकघराने या एका बाबतीत त्या जिवाचे नकळत रक्षणच केले आहे. लाडाने दिलेले तासगावचे बेदाणेही त्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात.

कायद्याची भूमिका मला समंजस वाटते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाचे तिसरे कलम प्राण्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य सांभाळणाऱ्यावर टाकते, आणि पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न पुरविणाऱ्या मालकास अकरावे कलम गुन्हेगार ठरविते. मांस द्यावे की धान्य, याविषयी तेथे हुकूम नाही. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यातही ‘सुयोग्य आहार’ एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे शाकाहार हा कसूर नव्हे, कुपोषण हा कसूर. आणि पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये हा दंड आज इतका क्षुल्लक झाला आहे की, त्याच्या धाकाने कोणाचे कुत्रे पोसले जाईल, असा भरवसा मला वाटत नाही. दारच्या कुत्र्यांविषयी मात्र न्यायालय अधिक स्पष्ट बोलले: २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने प्रभागवार खाद्यस्थाने नेमण्यास सांगून रस्त्यात कोठेही अन्न घालण्यास मनाई केली. म्हणून गल्लीच्या तोंडाशी भाकरी टाकण्याच्या जुन्या परिपाठासही आता नेमून दिलेली जागा शोधावी लागेल.

निरोगी, प्रौढ कुत्र्यास पशुवैद्याच्या देखरेखीखाली, वजन व रक्त वेळोवेळी तपासून निरामिष आहारावर ठेवण्यास माझी हरकत नाही. वाढते पिल्लू, गाभण वा पाजती कुत्री यांच्यावर असा प्रयोग घरच्या घरी करण्यास आहे. व्रत मनुष्याने स्वतः स्वीकारलेले असते. कुत्र्याने ते स्वीकारलेले नाही. त्याचे वजन घटू लागले, केस झडू लागले, तर निदान अंडे तरी द्यावे लागेल, आणि तेही ज्या घराच्या उंबऱ्याआड येऊ शकत नाही, त्या घराने पिल्लू आणण्यापूर्वीच हा विचार करून, हवे तर सशासारखा तृणाहारी जीव पाळावा.