लावणीनंतरचा ताप

जुलैतली सकाळ. शुक नदीचं पाणी खारेपाटणच्या बाजारपेठेत चढून ओसरलेलं, मळ्यांत अजून थोडी लावणी उरलेली. आठ-दहा दिवस वाकून तरवा लावलेल्या माणसाला ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात. घरातली जाणती सांगतात, "लावणीचो ताप तो, जातलो." बहुतेक वेळा जातोही. नेमकं त्यामुळेच लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, फावतं.

या आजाराचा जंतू पहिल्यांदा दिसला तोही असाच, दुसऱ्या आजाराच्या आडून. पीतज्वराने गेला असं धरलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात 1907 साली संशोधक स्टिमसन यांना तो सापडला. प्रश्नचिन्हासारखा वाकडा, म्हणून नावातही 'इंटरोगन्स' आलं.

उंदीर हा जंतू अंगात बाळगतो, स्वतः मात्र फारसा आजारी पडत नाही. त्याच्या मुतातून तो शेतात उतरतो; गुरं, कुत्रीही त्याला पसरवतात. ओल्या मातीत तो कित्येक दिवस तग धरतो. भेगाळलेली टाच, काट्याने ओरखडलेली पोटरी, दिवसभर पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी, एवढी वाट त्याला पुरते.

साधारण 5 ते 14 दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोकं दुखतं, पोटरी दाबली की जीवघेणी कळ येते. डोळे लाल होतात, पण डोळे आले म्हणावं तर चिपडं नसतात. माझ्या मते घरच्यांनी हे ध्यानात ठेवावंच. कावीळ दिसली, लघवी कमी झाली, धाप लागली, की वेळ हातातून निसटू लागलेली असते. सुरुवातीला डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या साध्या औषधावर भागतं. पुढे डायलिसिसपर्यंत गोष्ट जाते. रक्ततपासणी पहिल्या दिवसांत कधी कधी काहीच दाखवत नाही, म्हणून जाणता डॉक्टर संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतो.

हा आजार टाळायला आशाताई लावणीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी देतात, ती फडताळात पडू देऊ नका; जेवून घ्या. गरोदर बाई आणि लहान मुलांचं मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि ताप आलाच, तर दवाखान्यात "अंग मोडलाहा" एवढ्यावर थांबू नका. "आठवडाभर चिखलात होतंय," हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.