एका पिशवीतली दोन वजने



जबलपूरहून भेडाघाटला जाऊन आलेल्यांना धुआँधार धबधब्याच्या वाटेवरची दगडी वस्तूंची दुकाने नक्कीच आठवतील. मूर्ती, डब्या, दिवे असे कितीतरी नग तेथील कारागीर हाताने कोरतात. २०२३ साली या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकनाने गिऱ्हाईक येत नाही. पावसाळ्यात वाट ओस पडली की दुकानही ओस पडते. मग कोणीतरी सुचवतो, ‘अरे, माल ऑनलाइन विकायला ठेव.’ सल्ला चांगलाच आहे. प्रश्न एवढाच की, कोणत्या बाजारात ठेवावा? त्याला न्याय मिळेल असा बाजार कोणता, हे ओळखायचे कसे?

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात एकाच पिशवीत लहान आणि मोठे अशी दोन वजने बाळगण्यास मनाई केली आहे. त्या काळी वजने दगडाचीच असत. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. मनाई केवळ खोटे मापण्याला नाही. तशी वजने जवळ ठेवण्यालाच आहे. ज्याच्या पिशवीत दोन्ही आहेत, त्याचा हात केव्हा कोणत्या दगडाकडे जाईल, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

आता आपल्या कारागिराकडे पाहू. समजा, त्याने चारशे रुपयांचा दिवा विकला. त्यातून बाजाराचे कमिशन जाते, पोहोचवण्याचा खर्च जातो, आणि दिवा पहिल्या पानावर दिसावा म्हणून जाहिरातीचे पैसेही जातात. कमिशन शून्य असे सांगणारे बाजार आहेत, पण त्यांचेही पोट कशावर तरी भरतेच. शिवाय दगड जड, आणि तो फुटू नये म्हणून भोवती भरपूर कागद व फोम घालावा, तर खोके मोठे होते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे घेतात. हीसुद्धा दोन वजनेच नव्हेत काय? माझ्या मते नव्हेत. गाडीत भारही मोजावा लागतो आणि जागाही, व हा नियम आधीच सांगितलेला असतो. जे जे जाचक, ते ते अन्यायाचे, असे म्हणून चालणार नाही.

खरी दोन वजने निराळीच आहेत. बाजाराचा मालक स्वतःही विक्रेता झाला, किंवा आपल्या मर्जीतल्या विक्रेत्याचा माल वर आणि इतरांचा खाली दाखवू लागला, तर तराजू त्याच्याच हाती असतो. कोणत्या वस्तूला किती मागणी आहे, हेही त्यालाच कळते. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये अॅमेझॉनवर नेमका हाच आक्षेप घेतला होता, की इतर विक्रेत्यांची खासगी माहिती ती स्वतःच्या विक्रीसाठी वापरते. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने तसे न करण्याची हमी दिली व आयोगाने ती स्वीकारली. आपल्याकडे परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारांनी ज्या कंपन्यांत स्वतःचा हिस्सा आहे त्यांचा माल आपल्या बाजारात विकू देऊ नये, असा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. नुसते वापरणे नव्हे, पिशवीत बाळगणेच नको, हा जुना विचार येथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभरही अडकवून ठेवू नये, असे सांगितले आहे. ऑनलाइन विक्रीचे पैसे मात्र परतीची मुदत संपेपर्यंत अनेकदा बाजाराकडेच राहतात. गिऱ्हाइकाच्या हितासाठी ते योग्य असेलही. पण ज्याने पुढचा दगड उधारीवर आणला आहे, त्याच्यासाठी हे दिवस फार लांबतात. न्यायाची परीक्षा करायची तर मला कमिशनच्या आकड्यापेक्षा हे दिवस मोजणे अधिक बरे वाटते.

सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही ना-नफा संस्था स्थापन झाली. एप्रिल २०२२ मध्ये ज्या पाच ठिकाणी तिची चाचणी सुरू झाली, त्यांत भोपाळही होते. येथे गिऱ्हाईक एका अॅपवर आणि विक्रेता दुसऱ्यावर असू शकतो. सारा तराजू एका हाती राहत नाही. कल्पना मोठी न्यायाची. पण दिवा फुटून आला तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न जितके हात जास्त तितका अवघड होतो. कायद्याचेही पाहा. ऑनलाइन माल विकणाऱ्या लहानात लहान विक्रेत्यालाही पूर्वी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आत सवलत मिळाली, ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. म्हणजे भेडाघाटचा दिवा नोंदणीविना भोपाळला जाईल, नागपूरला नाही.

आणि वाचकहो, आपण? ऑनलाइन बाजार सहसा विक्रेत्याला गिऱ्हाईक परस्पर आपल्याकडे वळवण्यास मनाई करतात. पहिले गिऱ्हाईक बाजाराने आणून दिले, तेव्हा त्या पहिल्या विक्रीपुरते हे रास्तच म्हणावे. पुढच्या प्रत्येक विक्रीवरही त्याचा तेवढाच हक्क राहावा काय, याविषयी मला शंका आहे. मात्र ही मनाई विक्रेत्याला आहे. दिवा आवडला, तर दुसऱ्या खेपेला गावाचे नाव विचारून थेट त्या कारागिराकडे मागणी नोंदवण्यास आपल्याला कोणी अडवलेले नाही.