पद गेले, कर्तव्य उरले

ज्या गावाची वर्षानुवर्षे सेवा केली, त्याच गावाने एके दिवशी अपमान करून दूर लोटले, तर त्या गावाचे आपणांवरील ऋण फिटले असे समजावे काय? सार्वजनिक कार्यात पडलेल्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा हा प्रश्न छळतो. जेथे मान नाही तेथे पाऊल ठेवू नये, असे कोणी म्हणतात. अपमान गिळून सेवा करीत राहावे, असे दुसरे सांगतात. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि याचे कारण अमेरिकेतील एका कर्तबगार बाईंचे चरित्र हे होय.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी राज्यात, कापूस पिकविणाऱ्या मुलखात, इंडियानोला नावाचे लहानसे गाव आहे. १८६९ साली जन्मलेल्या मिनी कॉक्स या कृष्णवर्णीय बाई फिस्क विद्यापीठात शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १८९१ साली या गावच्या पोस्टमास्तर म्हणून नेमल्या गेल्या. सरकार बदलले तेव्हा पद गेले. १८९७ मध्ये ते पुन्हा मिळाले. गावकऱ्यांचे टपालपेटीचे भाडे थकले तर बाई पदरचे पैसे भरीत. लोकांच्या सोयीसाठी कचेरीत टेलिफोन बसविला तोही स्वखर्चाने.

असे असूनही १९०२ च्या अखेरीस गोऱ्या रहिवाशांनी त्यांचा राजीनामा मागितला. कामात कसूर नव्हती; वर्ण हाच अपराध ठरला. जिवास धोका दिसू लागला, तेव्हा बाईंनी राजीनामा दिला आणि जानेवारी १९०३ मध्ये गाव सोडले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राजीनामा स्वीकारण्याचे नाकारून इंडियानोलाचे पोस्टच बंद केले व तेथील टपाल ग्रीनव्हिलकडे वळविले. बाईंचा पगार मात्र चालू ठेवला. आपल्या दारचे पोस्ट म्हणजे काय, हे गावास ते बंद झाल्यावर कळले असेल. पुढे बाईंची मुदत संपली आणि १९०४ साली पोस्ट उघडले ते दुसऱ्याच्या हाती.

येथेच ही कथा संपली असती, तर ती केवळ अन्यायाची कथा झाली असती. परंतु कॉक्सबाई इंडियानोलास परतल्या. १९०४ सालीच त्यांनी व त्यांचे पती वेन कॉक्स यांनी तेथे डेल्टा पेनी सेव्हिंग्ज बँक स्थापन केली. नावाप्रमाणेच ती अल्प बचतीची पेढी होती. सावकाराच्या व जमीनदाराच्या वहीत आयुष्य बांधले गेलेल्या लोकांना स्वतःच्या समाजाची पेढी मिळणे, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे विमा कंपनीच्या कारभारातही दोघांनी लक्ष घातले, आणि १९१६ साली पती निवर्तल्यावर बाईंनी व्यवसायाची धुरा वाहिली.

कोणी म्हणेल, अन्याय करणाऱ्यांच्या गावी परतणे ही शरणागतीच झाली. आम्हांस तसे वाटत नाही. बाईंनी गेलेल्या पदासाठी कोणाचे उंबरठे झिजविले नाहीत. गाव म्हणजे केवळ सभेत आरडाओरड करणारे चार लोक नव्हेत. ज्यांना त्या सभेत तोंड उघडण्याची सोय नव्हती, तेही गावच होते. त्यांचे ऋण कोणाच्या अपमानाने कसे फिटणार?

म्हणून आम्हांस असे वाटते, की मान राखावा तो स्वतःचा, आणि सेवा करावी ती गरजवंताची. पद हे इतरांनी दिलेले असते, ते इतर काढूनही घेऊ शकतात. कर्तव्य कोणी दिलेले नसते, म्हणून ते कोणास हिरावताही येत नाही.

बाई १९३३ साली वारल्या. २००८ साली अमेरिकन काँग्रेसच्या कायद्याने इंडियानोलाच्या पोस्टाच्या इमारतीस मिनी कॉक्स यांचे नाव देण्यात आले. गावाला हे सुचण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. बाई मात्र तेवढे थांबल्या नव्हत्या.