परत न येणाऱ्याचे ताट

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण मूळची गुजराती असली तरी तापीकाठी दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घरांत ती आता परकी राहिलेली नाही. तिच्यात एक गंमत दडलेली आहे. काशीस मरण आले की माणसाला परत यावे लागत नाही, अशी श्रद्धा आहे. सुरतेत जेवलेल्याला मात्र परत यावेसे वाटावे, अशी अपेक्षा आहे. पण या शहरात रोज उतरणाऱ्या माणसांत असा एक मोठा वर्ग आहे, की जो बहुधा परत येणार नसतो, किंवा आला तरी वर्षा-दोन वर्षांनी येतो. साड्यांचा माल पाहण्यासाठी, थकलेली उधारी वसूल करण्यासाठी, यंत्रांचे सुटे भाग विकण्यासाठी तो एकटाच येतो. दिवसभर रिंगरोडच्या बाजारात जिने चढतो-उतरतो आणि संध्याकाळी लिंबायतच्या एखाद्या नाक्यावर आपल्यासारख्या मराठी बोलणाऱ्या माणसाला विचारतो, ‘‘दादा, इथे बरे जेवण कुठे मिळेल?’’

हा प्रश्न वरवर जिभेचा दिसतो. लोचो, सेव खमणी, हिवाळ्यातला पोंक आणि उंधियो, चांदणी पडव्याची घारी अशी नावे घेऊन त्याला वाटेस लावता येते. परंतु एकट्याने फिरतीवर असलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी चवीचे अप्रूप उरत नाही. त्याला हवे असते ते ताजे अन्न, वाजवी दर आणि कोणी हाकलणार नाही अशी बसायला जागा. म्हणजेच तो अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणाचा पत्ता विचारत असतो.

रोजच्या गिऱ्हाइकाशी हॉटेलवाला नीट वागतो, यात त्याचा स्वार्थ आहे. आजचे वरण आंबट लागले, तर उद्या तो गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाईल. ज्याची गाडी रात्री साडेदहाला सुटणार आहे, त्याच्या हाती असे कोणतेच हत्यार नसते. त्याला शिळे वाढले तरी गल्ल्याचे काही बिघडत नाही. स्थानकाबाहेरचा पुन्हा पुन्हा तळलेला वडा आणि दरपत्रकावर मुद्दाम कोरी ठेवलेली किमतीची जागा यांचे मूळ येथे आहे. दुकानदाराची नीती पारखायची असेल, तर त्याने परत न येणाऱ्यापुढे कोणते ताट ठेवले, ते पाहावे.

जाणते फिरस्ते यावर एक युक्ती करतात. जिथे रोजचे जेवणारे बसतात, त्या पंगतीत ते जाऊन बसतात. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत यंत्रमागाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या खानावळी आहेत. कित्येकांना धड पाटीही नसते. पुढच्या खोलीत दोन बाके, मागे चूल किंवा गॅस आणि भिंतीला टांगलेली महिन्याच्या हिशेबाची वही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या कारागिरांना तिथे शेवभाजी मिळते, हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. रोख पैसे देऊन एक ताट मागणारा परका माणूस तिथे सुरक्षित असतो, कारण त्याच पातेल्यातले अन्न उद्या पुन्हा येणाऱ्या वीस जणांनाही वाढलेले असते. त्या वीस जणांच्या धाकावर तो जेवतो. तो धाक त्याने स्वतः कमावलेला नसतो, एका रात्रीपुरता उसना घेतलेला असतो.

आणि त्या पंगतीत धाकापेक्षाही अधिक काही असते. मुंबईच्या गिरणगावात घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांनी गिरणी कामगारांना संपाच्या दिवसांतही उधारीवर जेवू घातले होते. त्याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळवालीने वाईट महिन्यात सांभाळायचे आणि कामगाराने बरा महिना आला की वही पुसून टाकायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे. आपला फिरस्ता यातला कोणताच महिना काढत नाही. तो तयार फळ तोडून पुढे जातो. मग त्याने काही देणे लागते का?

माझ्या मते लागते, आणि ते बहुतेकदा शब्दांत फेडायचे असते. जेवून उठलेल्याने पुढच्या वाटसरूला खरे सांगावे. अमेरिकेत डंकन हाइन्स नावाचा शिकागोच्या एका छापखान्याचा फिरता विक्रेता होता. धंद्यासाठी वर्षानुवर्षे गावोगाव फिरताना त्याने चांगल्या भोजनगृहांची टिपणे ठेवली आणि 1935 च्या नाताळात ती यादी छापून स्नेह्यांना भेट म्हणून पाठवली. मागणी इतकी वाढली, की 1936 मध्ये तिचे पुस्तक झाले. यादीत नाव घालण्यासाठी तो भोजनगृहांकडून पैसे घेत नसे. त्याच्या शब्दाची किंमत त्यातच होती. (पुढे त्याचेच नाव केकच्या तयार पिठाच्या खोक्यांवर आले, हा भाग निराळा.) अशा यादीत एक पेच मात्र आहेच. एखाद्या जागेचा बोलबाला झाला, की तिथे एकदाच येणाऱ्यांची गर्दी होते, रोजचे जेवणारे मागे सरतात आणि ज्या धाकामुळे ती जागा चांगली होती तोच नाहीसा होतो. खरे सांगणाराच नकळत त्या जागेचा नाश करतो. यावर कोणाकडे तोडगा असल्यास मला तो ऐकायला आवडेल.

इथपर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट मी गृहीत धरली: उंबऱ्याच्या आत येण्याची मुभा. ती सर्वांना नव्हती. सुरतेहून उत्तरेस काही तासांवर बडोदे आहे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी तिथे एकटे उतरले. हाती परदेशी विद्यापीठाची विद्या होती, खिशात पैसे होते, पण हिंदू हॉटेलात जात लपवल्याशिवाय थारा मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी पथिकाश्रमात, वहीत पारशी नाव लिहून, रोज दीड रुपयात राहण्या-जेवण्याची सोय झाली. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेल्या अंधाऱ्या दालनात ते एकटे राहत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला. आपल्या आठवणींत त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग वाचला, की रोजच्यांच्या पंगतीचे मघाशी केलेले कौतुक जरा आवरते घ्यावे लागते. जी पंगत परक्याला शिळ्या अन्नापासून वाचवते, तीच त्याला ‘तुम्ही कोण?’ असे विचारूही शकते. आपल्याकडचे जुने लोक हळहळतात, की पूर्वी गावाकडचा माणूस सुरतेत आला तर थेट घरी येई, आता तो हॉटेलात जेवतो. हळहळ खरी आहे. पण घरी येणाऱ्याचे आडनाव आणि गाव आधी विचारले जाई आणि त्यानुसार पाट कुठे मांडायचा ते ठरे, हेही तितकेच खरे आहे. हॉटेलात कोणी कोणाला ओळखत नाही, याचे दुःख एकाला होते. दुसऱ्याला त्यातच पहिल्यांदा ताठ मानेने जेवता आले. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने आणि विहिरी यांच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहांचाही उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

एकटीने फिरणाऱ्या स्त्रीचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. औषध कंपनीची किंवा विमा कंपनीची प्रतिनिधी असलेली तरुणी त्या बाकावर बसली, तर वीस माना तिच्याकडे वळतात. तिथले अन्न निर्दोष असले तरी तिच्यासाठी ती जागा चांगली ठरत नाही. ‘फॅमिली रूम’ची पाटी तिला आडोसा देते, पण कुटुंब सोबत नाही याची आठवणही करून देते.

परत न येणाऱ्याचा कैवार घेणारे दुसरे कोणी आहे का? आहे; निदान असायला हवे. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भयाने सुरतेहून लाखो माणसे गाड्यांना लटकून गावी पळाली, आपल्यापैकी अनेकांच्या घरातलीही. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. रस्त्यांच्या सफाईसोबत त्यांनी खाण्याच्या जागांकडेही मोर्चा वळवला. अस्वच्छ हॉटेलांना दंड झाले, टाळेही लागले. तपासनीस कधी येईल हे माहीत नसते, आणि या एका कारणाने स्वयंपाकघर रोज निर्मळ राहते. रोजच्या गिऱ्हाइकाचा धाक ज्याच्यापाशी नाही, त्याच्या वतीने तो धाक महापालिकेने बाळगायचा असतो. मात्र पाटी नसलेल्या खानावळीपर्यंत तपासनीस सहसा पोहोचत नाही. तिथे अजूनही वहीतल्या वीस जणांवरच सारी भिस्त आहे.

तेव्हा नाक्यावर विचारणाऱ्याला आपण काय सांगतो, याकडे पाहावे. बहुधा आपण मोठ्या, झगमगीत पाटीच्या हॉटेलाचे नाव घेतो. त्यात सुरतेचा मान राहतो आणि जेवण बिघडले तर दोष आपल्यावर येत नाही. जिथे आपण स्वतः आठवड्यातून दोनदा जेवतो, त्या गल्लीतल्या मावशींचे नाव सांगायला जीभ अडखळते. त्या नावामागे आपल्याला उभे राहावे लागते. मला वाटते तेच सांगावे, आणि विचारणारी बाई असेल तर दारापर्यंत सोबत जाऊन मावशींशी ओळख करून द्यावी. फक्त आधी मावशींना विचारायला हवे. त्यांच्याकडे भाकऱ्या मोजून होतात; न सांगता आलेल्या पाहुण्याचे ताट भरले, तर रात्रपाळीहून सुटून येणाऱ्या शेवटच्या कारागिराला एक भाकरी कमी पडते. पीठ मळायला घेण्याआधी फोन केला, तर एक ताट वाढवता येते.