नाथ कुणाला विचारून गेले?

लेकीला शाळेत घातलं नाही म्हटल्यावर शहागंजातल्या भाजीवाल्या मावशीही मला उपदेश करतात. माझं उत्तर पैठणचं असतं. आईवडील लहानपणीच गेलेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलेले एकनाथ कोवळ्या वयात घरी न सांगता देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, जनार्दनस्वामींकडे गेले, अशी कथा आहे. गुरू पोरानंच निवडला. (ही कथा लेकीला जपूनच सांगते, उद्या दौलताबादची बस पकडायची.)

पण तिथं वाट्याला काय आलं? जमाखर्च! एका पैची चूक शोधत रात्र जागले आणि सापडल्यावर टाळी वाजवली म्हणतात. म्हणजे ओढ स्वतःची, शिस्त दुसऱ्याची. मग आपण मुलावर सोडतो ते नेमकं काय? विषय, की विषयापुढं वाकायचं की नाही हेही?

लेक सध्या हिमरूच्या मागासमोर तासन्‌तास बसते. सुती उभ्या धाग्यांत रेशमी नक्षी कशी चढते, हे मलाच समजावते. सतराचा पाढा अजून येत नाही. मी विचारत नाही. विचारते, खरं तर.

चौदाव्या वर्षी मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. बसायचं का, हे तिनं ठरवावं, असं मी म्हणते. ती ‘नाही’ म्हणाली तर काय, यावर आमच्या घरात वाद चालू आहे.