कोणाचे ब्रेक कोणाला

दोन्ही गाड्या माझ्याच. ट्रायम्फ हेराल्ड घरच्यांची, मागे मुलं बसतात ती. स्पिटफायर दोन आसनांची, उघड्या टपाची, आता विकायला काढलेली. हेराल्डच्या पुढच्या चाकांना ड्रम, स्पिटफायरच्या पुढे डिस्क. १९६२ साली स्पिटफायर आली ती हेराल्डचेच सुटे भाग घेऊन; दोघींचं रूपही डिझायनर मिशेलॉत्तीच्याच हातचं. त्यामुळे हब, डिस्क, कॅलिपर असं सगळं इकडचं तिकडे बसवता येतं. जिथे या गाड्या बनल्या त्या कॉव्हेंट्रीतच राहतो, तेव्हा अदलाबदलीचा विचार डोक्यात आला नसता तरच नवल.

ड्रम काही टाकाऊ नसतो. फिरता ड्रम पुढच्या शूला आपणच आत ओढून घेतो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. पण लांब उतारावर तो तापतो, फुगतो, शूपासून लांब सरकतो. पेडल खाली खाली जातं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. वडील मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड खंडाळ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर उतरवायचे, ते उगाच नव्हे.

म्हणजे मुलांसाठी डिस्क हवी, हे माझं कारण खरं आहे. खरं आहे म्हणूनच त्याच्याआड लपणं सोपं जातं. या अदलाबदलीत धोका नाहीसा होत नाही, तो परक्याच्या दारात जाऊन बसतो. आणि स्पिटफायर घेणारा माणूस ती हळू चालवायला घेत नाही.

विचारणारंही कोणी नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मूळ घडण फारशी न बदललेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. जाहिरातीत 'पुढे ड्रम' असं लिहीन, म्हणजे झालं, अशी मी समजूत घालून घेतली. लिहिणार कुठे? नव्या टपाच्या आणि रंगाच्या आधी, की सगळ्यात खाली?

पण मला खरं पकडलं ते मास्टर सिलिंडरने. डिस्कला तेलाचा दाब जास्त लागतो, म्हणून मास्टर सिलिंडर जुळतो का हे बघावं लागतं, मागच्या ब्रेकशी तोल साधावा लागतो, नाहीतर जोरात ब्रेक मारताच मागची चाकं आधी घसरायची. हेराल्डसाठी हे सगळं मी बारकाईने वाचलं, कागदावर टिपून ठेवलं. डिस्कसाठी घडवलेल्या स्पिटफायरला ड्रम लावले तर तिचं काय होईल, याची त्या कागदावर एकही ओळ नाही. विसरलो म्हणावं, तर विसरायला आधी मनात यावं लागतं.

आणखी एक शंका आहे. ड्रम असल्यामुळे मी पुढच्या लॉरीपासून अंतर ठेवून चालतो. डिस्क आल्यावर ते अंतर ठेवीन? स्वतःला ओळखतो तेवढ्यावरून, नाही. मग मुलांच्या पदरात नक्की काय पडेल?

तरी डिस्क बसवणार आहे, पण वेगळी विकत घेऊन, सिलिंडरसकट. स्पिटफायर आहे तशीच जाईल. तिच्या पैशातला बराचसा भाग यातच संपेल. काल बायकोला हा हिशेब सांगताना माझा सूर त्याग केल्यासारखा होता. ती म्हणाली, "दुसऱ्याचे ब्रेक काढून घेतले नाहीत, याचं कौतुक करायचं का?"